गिलान-सेवा आणि सेवकाचे दुःख



धम्माचा अभ्यास करताना ‘दुःख’ या शब्दापाशी आपण पुन्हा पुन्हा येतो. जरा, व्याधी आणि मरण ही दुःखे आपल्याला तोंडपाठ आहेत. परंतु ज्यांना पगारासाठी रोज सकाळी आठाच्या ठोक्याला या तिन्ही दुःखांसमोर उभे राहावे लागते, त्यांचे काय होत असेल, याचा विचार आपल्या अभ्यासवर्गांतून क्वचितच होतो. इस्पितळातील परिचारिका, निवासी डॉक्टर, वॉर्डातले मामा आणि मावशी, सफाई कामगार, शवविच्छेदनाच्या खोलीतला मदतनीस, रुग्णवाहिकेचा चालक, गावची आशाताई ही ती माणसे होत. आपल्या वस्त्यांतून आज अशी घरे पुष्कळ आहेत की, ज्यांतील एकजण तरी या कामात आहे. म्हणून हा विषय परका नाही.

या पाठात तीन प्रश्न घ्यावयाचे आहेत. रुग्णसेवा करणाऱ्याच्या मनावर कसला भार पडतो? तो भार वाहण्यासाठी माणसे आणि संस्था काय काय करतात? आणि याविषयी भगवान बुद्धांच्या शिकवणीत काही मार्गदर्शन आहे काय?

१. हे दुःख कोणते?

या कामात दोन निरनिराळी दुःखे आहेत. एक ताण आणि दुसरा शोक. दोन्ही एकत्र आली की ती ओळखू येत नाहीत, म्हणून आधी त्यांची फोड करू.

१९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करीत असताना जे पाहिले, त्यावर एक लेख लिहिला. गोरगरिबांच्या सेवेसाठी मोठ्या उमेदीने आलेली तरुण मंडळी काही महिन्यांत चिडचिडी, थकलेली आणि उदास होत होती. या अवस्थेला त्यांनी ‘बर्न-आउट’ म्हणजे जळून जाणे असे नाव दिले. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी १९८१ मध्ये ही अवस्था मोजण्याची पद्धत तयार केली आणि तिची तीन लक्षणे सांगितली. पहिले, भावना आटून जाणे. दुसरे, समोरच्या माणसाकडे वस्तूसारखे पाहू लागणे. तिसरे, आपल्या कामाला काही अर्थ नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची नोंद आपल्या वर्गीकरणात केली, ती आजार म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली. हा फरक आपण लक्षात ठेवू. दोष माणसात शोधण्याआधी कामाच्या ठिकाणी शोधावा, असा त्याचा अर्थ होतो.

शोकाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या घरी मृत्यू झाला तर शेजारीपाजारी येऊन बसतात, कोणी चहा आणतो, कोणी भाकरी. जलदान-विधी होतो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलले जातात. शोकाला जागा मिळते. पण वीस दिवस ज्या बालकाला दूध पाजले, औषध दिले, ते पहाटे तीन वाजता गेले, तर त्या परिचारिकेपुढे काय असते? वेळेची नोंद करावयाची, नळ्या काढावयाच्या, देह पुसावयाचा, नावाची चिठ्ठी बांधावयाची, नातेवाइकांना सांगावयाचे, चादर बदलावयाची. त्याच खाटेवर तासाभरात दुसरा रुग्ण येतो. तिने रडावे अशी कोणाची अपेक्षा नसते; उलट न रडणे हेच तिच्या नोकरीचे कौशल्य समजले जाते. ज्या शोकाला समाजाची मान्यता नाही त्याविषयी केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली ग्रंथ सिद्ध केला. सेवकाचा शोक हा त्याच प्रकारचा होय.

माझी धाकटी बहीण एका जिल्ह्याच्या ठिकाणी परिचारिका आहे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत मी आणि परिचर्येच्या शिक्षणापर्यंत ती, अशा आम्ही दोघीच पहिल्यांदा पोहोचलो. तिला नोकरी लागली तेव्हा आईने साऱ्या वस्तीत पेढे वाटले होते. एका पावसाळ्यात तिच्या वॉर्डात एकाच आठवड्यात तीन बालके दगावली. ती घरी आली आणि कोणाशी न बोलता भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती. आई म्हणाली, “बाई, पगार मिळतो ना? मग रडतेस कशाला?” आईला मी दोष देत नाही. तिने सारे आयुष्य रोजंदारीवर काढले. रडायला फुरसत मिळाली तर रोज बुडे. पण त्या दिवसापासून मला वाटत आले आहे की, नोकरी मिळवण्यासाठी आपण मुलांना तयार केले, ती नोकरी सोसण्यासाठी मात्र नाही.

२. मन बचाव कसा करते?

लंडनमधील एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयातील परिचारिकांच्या कामाचा अभ्यास इझाबेल मेन्झिस यांनी केला व तो १९६० साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांना असे आढळले की, मृत्यू आणि वेदना यांच्या सान्निध्यातून येणारी भीती टाळण्यासाठी सारी व्यवस्थाच एका विशिष्ट रीतीने रचली गेली होती. एका रुग्णाची संपूर्ण सेवा एका परिचारिकेकडे न देता कामाचे तुकडे केले जात. एकीने सर्वांचा ताप घ्यावयाचा, दुसरीने सर्वांना अंग पुसून द्यावयाचे. रुग्णाला नावाने न ओळखता खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने ओळखले जाई. कोणाशी जिव्हाळा जडण्याआधीच परिचारिकेची बदली दुसऱ्या वॉर्डात होई.

आपल्या इस्पितळांत ज्याने चार दिवस काढले असतील त्याला हे वर्णन लंडनचे वाटणार नाही. ‘सात नंबरची बाई’, ‘कोपऱ्यातले हार्ट’ असे शब्द इथेही ऐकू येतात. बोलणारे दुष्ट असतात असे मुळीच नाही. नाव घेतले की माणूस जवळ येतो, जवळ आलेला माणूस गेला की दुखते. म्हणून नाव टाळले जाते. पण वाचकहो, नावाऐवजी जातीने हाक मारली जाणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. माणसाला नावावरून काढून वर्गात टाकले की त्याच्याशी कसेही वागता येते. सवय झाली की ते वागणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

मेन्झिस यांचा महत्त्वाचा निष्कर्ष असा की, या बचावाने भीती कमी झाली नाही. उलट कामातला आनंद गेला. विद्यार्थिनी परिचारिकांपैकी सुमारे एक-तृतीयांश शिक्षण अर्धवट सोडून जात, आणि त्यांत मन लावून काम करणाऱ्या मुलीही असत.

याखेरीज आणखी वाटा आहेत. कोणी थट्टामस्करी करून प्रसंग हसण्यावारी नेतो. आपापसातल्या चार घटका विनोदाने जीव हलका होतो, तेवढ्यापुरता तो वाईट नाही. कोणी घरी मुलाबाळांवर चिडतो. कोणी बाटलीला जवळ करतो. शवाच्या खोलीत काम करणारा माणूस दारू प्यायल्याशिवाय आत जाऊ शकत नाही, असे आपण सहज बोलून जातो आणि त्यात त्याची जात पाहतो, त्याचे दुःख पाहत नाही. पाचव्या शीलाचा उपदेश त्याला करण्याआधी, त्याला ते काम करताना दुसरा कोणता आधार दिला आहे, हे विचारले पाहिजे.

३. विनयपिटकातील पाठ

महावग्गाच्या चीवर-स्कंधकात एक प्रसंग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, तथागतांच्या मानवतेचे वर्णन करताना, रुग्णांविषयी त्यांना असलेल्या आस्थेचे प्रकरण घातले आहे, त्यातही तो आलेला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. भगवान आनंदासह विहाराची पाहणी करीत तेथे आले. तुझी सेवा करणारे कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. त्याने नाही म्हटले, कारण त्याचा इतर भिक्खूंना काही उपयोग होत नव्हता. भगवानांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. भगवानांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. भगवानांनी त्याला डोक्याकडून धरले, आनंदाने पायांकडून, आणि दोघांनी त्याला खाटेवर ठेवले.

हा प्रसंग आपण नेहमी करुणेचे उदाहरण म्हणून सांगतो आणि तेथेच थांबतो. त्यानंतर भगवानांनी काय केले, ते अधिक महत्त्वाचे आहे. त्यांनी भिक्खुसंघ बोलावला. येथे तुमची आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील, असे विचारले. ज्याला तथागतांची सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची करावी, असा उपदेश केला आणि लगेच नियम घालून दिला. उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने, आणि कोणीच नसेल तर संघाने सेवा करावयाची. न केल्यास तो दोष. म्हणजे एका माणसाच्या चांगुलपणावर हे काम सोडलेले नाही. त्याची वाटणी केली आहे.

पुढे रुग्णसेवकाचे पाच गुण दिले आहेत. औषध तयार करता येणे. रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही हे जाणून तेवढेच देणे. लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे. मल, मूत्र, थुंकी, वांती काढताना किळस न करणे. आणि वेळोवेळी धम्माचे चार शब्द बोलून रुग्णाला धीर देणे. पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत, हे ध्यानात घ्या. नुसते मन मऊ असून भागत नाही. कामाची माहिती असावी लागते. ज्याला काम नीट येते त्याचा ताण निम्मा कमी होतो, हे कोणतीही जुनी सिस्टर सांगेल.

याच ठिकाणी रुग्णाचेही पाच गुण सांगितले आहेत. पथ्य पाळणे, पथ्यातही प्रमाण राखणे, औषध घेणे, आपला आजार सेवकाला खरा सांगणे, वेदना सहन करण्याचा प्रयत्न करणे. सेवकाला रुग्ण कसा भेटतो यावर सेवकाचा भार अवलंबून असतो, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखलेले होते.

आणि आणखी एक नियम, जो फारसा सांगितला जात नाही. भिक्खू वारला तर त्याचे चीवर व पात्र संघाच्या मालकीचे होते. परंतु सेवा करणाऱ्यांनी फार उपकार केले आहेत, म्हणून संघाने ते रीतसर ठराव करून त्यांना द्यावे, असे भगवानांनी सांगितले. सेवा करणारा श्रामणेर, म्हणजे अजून उपसंपदा न मिळालेला लहान असला, तरी त्याला बरोबरीचा वाटा द्यावा, असेही सांगितले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर डॉक्टर, सिस्टर आणि मावशी यांचा त्या मृत्यूशी असलेला संबंध सारखाच मानला गेला, आणि साऱ्या संघासमोर मानला गेला.

४. आनंदाचे अश्रू

महापरिनिब्बान सुत्तात, कुसिनारा येथे, भगवान अखेरच्या शय्येवर असताना आनंद तेथे नव्हता. तो विहारात जाऊन दाराला टेकून रडत होता. पंचवीस वर्षे त्याने भगवानांची सेवा केली होती. पाणी आणणे, चीवर सांभाळणे, निरोप पोहोचवणे, आजारपणात उशाशी राहणे हे त्याचे काम होते. म्हणजे येथे आपल्यापुढे एक रुग्णसेवकच उभा आहे, आणि त्याचा रुग्ण जाणार आहे.

भगवानांनी विचारले, आनंद कोठे आहे? समजल्यावर त्यांनी त्याला बोलावून घेतले. प्रिय वस्तूंचा वियोग अटळ आहे, हे त्यांनी त्याला सांगितले. परंतु एवढ्यावर ते थांबले नाहीत. तू दीर्घकाळ शरीराने, वाणीने आणि मनाने मैत्रीपूर्वक माझी सेवा केलीस, तू पुण्य जोडलेस, असे त्यांनी त्याला म्हटले. नंतर सर्व भिक्खूंसमोर त्याची स्तुती केली.

यातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. रडणाऱ्या सेवकाची आठवण काढली गेली आणि त्याला जवळ बोलावले गेले. त्याला सत्य सांगितले गेले. आणि त्याच्या सेवेची नोंद चारचौघांत घेतली गेली. अनित्यतेचा उपदेश एकट्याने दिला असता तर तो कोरडा झाला असता. आपल्याकडे कितीतरी वेळा दुःखी माणसाला ‘सब्बे संखारा अनिच्चा’ ऐकवून आपण मोकळे होतो. भगवानांनी तसे केलेले दिसत नाही. सारिपुत्त आणि मोग्गल्लान गेल्यावर ही परिषद मला रिकामी वाटते, असे त्यांनी स्वतःच म्हटल्याचे संयुत्त निकायात आले आहे. रिकामे वाटणे हा काही धम्मातला उणेपणा नव्हे.

५. करुणा आणि तिचा जवळचा शत्रू

आता साधनेचा भाग घेऊ. संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. माणसाला एक बाण लागतो, तो शरीराच्या वेदनेचा. अशिक्षित मन त्यावर शोक, संताप, विलाप यांचा दुसरा बाण स्वतःच मारून घेते. सेवकाच्या बाबतीत रुग्णाचा मृत्यू हा पहिला बाण होय. तो चुकत नाही. ‘मी आणखी पाच मिनिटे आधी गेले असते तर’, ‘माझ्याच पाळीत का गेला’ हे दुसरे बाण. खरोखरच हातून चूक झाली असेल तर ती सांगितली पाहिजे, तपासली पाहिजे. अशा वेळी चूक करणारा वैद्यकीय सेवकही मोडून पडतो आणि त्यालाही आधार लागतो, हे आल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० साली लिहिले. पण चूक नसताना स्वतःला आरोपी करणे हे वेगळे.

या बाबतीत अंगुत्तर निकायातील गिलान सुत्ताचा मोठा आधार आहे. तेथे तीन प्रकारचे रुग्ण सांगितले आहेत. काही योग्य आहार, औषध आणि सेवक मिळोत वा न मिळोत, बरे होत नाहीत. काही कसेही बरे होतात. आणि काही, हे सारे मिळाले तरच बरे होतात. या तिसऱ्यासाठी औषध आणि सेवा यांची व्यवस्था आहे, आणि त्याच्यासाठीच बाकीच्या दोघांचीही सेवा करावयाची आहे. कारण कोण कोणत्या प्रकारचा हे आधी कळत नाही. ज्याला हे समजले त्याच्या सेवेत हयगय होत नाही, आणि रुग्ण गेला तर सारा निकाल आपल्या हाती होता असा भ्रमही राहत नाही.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त चार ब्रह्मविहारांचे शत्रू सांगितले आहेत. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरता. तो सहज ओळखता येतो. जवळचा शत्रू मात्र करुणेसारखाच दिसतो. तो म्हणजे आसक्तीतून येणारी खिन्नता, दुसऱ्याच्या दुःखात स्वतः बुडून जाणे. उपेक्षेचाही जवळचा शत्रू आहे, तो म्हणजे अज्ञानातली बेपर्वाई. ‘उपेक्षा’ हा शब्द मराठीत दुर्लक्ष या अर्थाने वापरला जातो, म्हणून आपला फार घोटाळा होतो. पालीतील उपेक्खा म्हणजे तोल सांभाळून पाहणे. वॉर्डात एकीकडे बुडणारे आणि दुसरीकडे निबर झालेले असे दोघे दिसतात. दोघेही तोल गेलेले आहेत.

अलीकडे टानिया सिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुसऱ्याचे दुःख आपल्यात जागवण्याचे शिक्षण ज्यांना दिले, त्यांचा स्वतःचा त्रास वाढला. त्याच लोकांना नंतर मैत्री-करुणेचे शिक्षण दिले, तेव्हा तो त्रास उतरला व प्रसन्नता परत आली, आणि मेंदूची निराळी केंद्रे काम करू लागलेली दिसली. ‘तुझे दुःख माझे आहे’ आणि ‘तुझे दुःख कमी व्हावे’ या दोन भावना एक नाहीत. दुसरीत हाताला काम मिळते.

६. इस्पितळांतून काय केले जाते?

आता काही प्रत्यक्ष उपाय पाहू.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने एक साधी प्रथा सुरू केली. रुग्ण वारल्यावर लगेच पांगण्याऐवजी त्याच्याभोवतीच्या सर्वांनी एक मिनिट शांत उभे राहावयाचे. हा माणूस कोणाचा तरी होता, आणि आपण सर्वांनी त्याच्यासाठी प्रयत्न केले, एवढे कोणीतरी म्हणावयाचे. कोणत्याही धर्माचा मंत्र नाही, खर्च नाही. ‘पॉज’, म्हणजे थांबणे, या नावाने ही प्रथा पुढे अनेक ठिकाणी गेली.

बॉस्टनचे वकील केनेथ श्वार्ट्झ १९९५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. आजारपणात सेवकांनी दाखविलेला जिव्हाळा त्यांना फार मोलाचा वाटला, त्यातून त्यांच्या नावाचे केंद्र उभे राहिले. या केंद्राने सुरू केलेल्या बैठकांत डॉक्टरांपासून सफाई करणाऱ्यापर्यंत सर्वजण ठरावीक दिवशी एकत्र बसतात. उपचार बरोबर होता की नाही ही चर्चा तेथे होत नाही. त्या प्रसंगी मनाला काय झाले, एवढेच बोलले जाते. त्याआधी १९५० च्या दशकात लंडनमध्ये मायकेल आणि एनिड बालिंट यांनी डॉक्टरांचे असेच छोटे गट चालविले होते.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. दुर्घटनेनंतर प्रत्येकाला एकदा बसवून सक्तीने सारे वदवून घेतले की मन मोकळे होते, अशी एकेकाळी समजूत होती. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर असे दिसले की, अशा एका बैठकीने पुढचा मानसिक आजार टळत नाही. काहींना त्रासच होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली दिलेल्या मार्गदर्शनात प्रथम पाहणे, मग ऐकणे, आणि गरजेप्रमाणे योग्य माणसापर्यंत पोहोचवणे असा क्रम आहे. बोलावयाचे की नाही, हे दुःखी माणसाने ठरवावे.

आपल्या मुंबईतील उदाहरण सर्वांना माहीत आहे. के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला. १८ मे २०१५ रोजी त्या वारल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षे तेथील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिसरी आली. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांचा गौरव केला. एवढा भार एकटी बाई वाहू शकली नसती. तो वाटून घेतला गेला, म्हणून पेलला. विनयातील नियमाशी हे ताडून पाहा.

७. ध्यानाने सारे भागेल काय?

नाही. येथे आपण स्पष्ट असले पाहिजे. एका परिचारिकेकडे चाळीस रुग्ण सोपवून तिला आनापान शिकवणे ही धम्माची थट्टा आहे. दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, ही आपली शिकवण आहे. कारण जर माणसांची कमतरता असेल, तर माणसे भरणे हाच त्या दुःखाचा निरोध होय. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा कामगारांना सहनशीलतेचा उपदेश करीत बसले नाहीत. कामाचे तास कमी करण्याचा कायदा त्यांनी हाती घेतला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवडा ४८ तासांवर आला. निवासी डॉक्टर आजही सलग ड्यूट्या करतात, हे आपण पाहतो.

कोविडच्या साथीत जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभर सुमारे १,१५,००० आरोग्यसेवक दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या दिवसांत घरोघर फिरलेल्या आशाताईंची नेमणूक २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून झाली. त्यांना पगार नव्हता, कामागणिक मोबदला होता. महाराष्ट्रातील आशांना जून २०२१ मध्ये संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा सन्मान केला. सन्मानाचा आनंद आहेच, पण घर पगारावर चालते.

आणि जातीचे काय? २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी तरुण डॉक्टरने जीवन संपविले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केला, असा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. तिच्या आईने, रोहित वेमुला यांच्या आईसह, उच्च शिक्षणातील भेदभावाविरुद्ध त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. रुग्णाच्या दुःखाचा भार वेगळा आणि सहकाऱ्यांनी लादलेला अपमान वेगळा. दुसऱ्या भाराला कोणत्याही उपेक्खेचे नाव देऊन तो सोसावयाचा नाही. त्याविरुद्ध तक्रार करावयाची, संघटना करावयाची.

८. आपण काय करावे?

रुग्ण म्हणून किंवा रुग्णाचे नातेवाईक म्हणून इस्पितळात गेलो तर विनयातील रुग्णाचे पाच गुण पाळावेत. परिचारिकेवर, डॉक्टरवर हात उगारणे हे पहिल्या शीलाचे उल्लंघन आहे. रुग्ण गेल्यावर निघताना मामांना, मावशींना नावाने हाक मारून आभाराचे दोन शब्द बोलावेत. ते आयुष्यभर लक्षात राहतात.

आपल्या घरी असा सेवक असेल तर पाळीवरून आल्यावर लगेच प्रश्नांची सरबत्ती करू नये. हात-पाय धुऊ द्यावेत, चहा द्यावा. बोलला तर ऐकावे. उपदेश करू नये. झोप येईनाशी झाली, जेवण तुटले, जगण्यात अर्थ नाही असे शब्द तोंडून आले, तर मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. त्यात कमीपणा नाही. भगवानांनी आजारी भिक्खूला औषध नाकारले नाही.

सेवकांनी स्वतःसाठी एवढे करावे. वॉर्डात शिरण्यापूर्वी तीन श्वास जाणीवपूर्वक घ्यावेत. रुग्णाला शक्य तेथे नावाने हाक मारावी. मृत्यूनंतर जमल्यास सहकाऱ्यांसह मिनिटभर उभे राहावे. रात्री झोपण्यापूर्वी गेलेल्या रुग्णासाठी, त्याच्या आप्तांसाठी आणि शेवटी स्वतःसाठी मैत्रीभावना करावी. स्वतःला वगळू नये; मैत्रीभावनेत विसुद्धिमग्ग स्वतःपासूनच सुरुवात करावयास सांगतो.

विहारांनी महिन्यातून एका पौर्णिमेला परिसरातील रुग्णसेवकांना, सफाई कामगारांसह, एकत्र बोलवावे. त्यांच्या हातून त्या महिन्यात जे रुग्ण गेले त्यांच्यासाठी सामुदायिक पुण्यानुमोदन करावे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्या दिवशी आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतोच. त्याच सभेत गावातल्या आशाताईला आणि दवाखान्यातल्या मावशीला पुढे बसवून त्यांच्या सेवेची नोंद चारचौघांत घ्यावी. भगवानांनी आनंदाची घेतली होती.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१) ताण आणि शोक यांतील फरक उदाहरणासह सांगा.
२) आजारी भिक्खूच्या प्रसंगानंतर भगवानांनी नियम का घालून दिला? केवळ उपदेश का पुरेसा नव्हता?
३) करुणा आणि तिचा जवळचा शत्रू ओळखण्याची तुमची खूण कोणती?
४) तुमच्या वस्तीत रुग्णसेवेत असलेली माणसे किती? त्यांपैकी किती जणांना, काम कसे चालले आहे, असे तुम्ही कधी विचारले आहे?

भवतु सब्ब मंगलम्.